सातेरीच्या पेट्यांवर गांधीलमाश्या: पोळ्यात राखण कोण करतं, शिकार कोण करतं आणि आपण नेमकं कुठे हात घालायचा?

मेढ्याचा_मधपाळ

जावळी तालुका, मेढ्याच्या वरच्या अंगाला सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, १२ पेट्या आहेत. घटस्थापनेपासून पेट्यांपुढे मोठ्या गांधीलमाश्या घिरट्या घालतायत. रंग काळा-तांबूस, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. एका पेटीपुढे एका वेळी दोन-तीन असतात. परतणारी मधमाशी हवेतच धरतात, जवळच्या फांदीला एका पायावर लटकून तिचं डोकं, पंख, पोट तोडून टाकतात आणि मधला गोळा घेऊन जातात.

आसपास दोन पोळी सापडली. एक जांभळीवर २५ फुटांवर, राखाडी कागदाचं, फुटबॉलच्या दुप्पट, बाजूला एकच भोक. दुसरं शेताच्या बांधात, बाहेरून उंदराचं बीळ वाटावं असं.

पेटीपुढची गांधील हातभर अंतरावरून जाते, काही करत नाही. बांधावर गवत कापायचं मशीन चालू केलं की त्याच माश्या दहा फुटांवरून अंगावर येतात. वसाहतीत राखण करणाऱ्या वेगळ्या आणि शिकारी वेगळ्या असतात का? पेटीपुढच्या रोज मारल्या तर पोळं खचेल का? गावात सगळे म्हणतात रात्री मशालीने जाळून टाका. यात काय चुकतं ते जाणकारांनी सांगावं.

---

रानकिडा_कऱ्हाड

आधी एक दुरुस्ती. दोन्ही पोळी एकाच जातीची नसावीत.

एकच रुंद पिवळा पट्टा, म्हणजे पोटाचा दुसरा खंड पिवळा आणि बाकी पोट काळं, ही व्हेस्पा ट्रॉपिका. ती जमिनीत, बांधाच्या पोकळीत, झाडाच्या ढोलीत घर करते. झाडावर उघड्यावर कागदी फुटबॉल करते ती बहुधा व्हेस्पा अफिनिस. तिच्या पोटाचे पहिले दोन्ही खंड पिवळे-नारिंगी असतात, त्यामुळे लांबून पोटाचा पुढचा अर्धा भाग पिवळा आणि मागचा काळा दिसतो. तुमच्या वर्णनावरून पेट्यांवर येतायत त्या बांधातल्या. जांभळीचं पोळं या गुन्ह्यात निर्दोष असण्याची शक्यता बरीच आहे. बॅटने एक पाडा आणि पट्टा नीट बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता मूळ प्रश्न. राखणदार आणि शिकारी जन्माने वेगळ्या नसतात. सगळ्या कामकरी म्हणजे एकाच राणीच्या लेकी, शरीर सारखं, नांगी सारखी. फरक वयाचा आणि त्या क्षणाच्या गरजेचा. कोषातून नुकती बाहेर आलेली माशी पहिले काही दिवस घरातच असते: अळ्यांना भरवणं, कोषांना ऊब देणं, उकाडा झाला की दाराशी पंख हलवणं. मग बाहेरची कामं सुरू होतात. वाळलेल्या लाकडाचा भुसा चघळून कागदाचा लगदा आणणं, पाणी, गोड रस आणि शिकार. पंखांच्या कडा फाटलेल्या, म्हाताऱ्या होत चाललेल्या माश्या दाराशी जास्त दिसतात. मात्र मधमाशीच्या पेटीत कामांचा क्रम जितका ठरलेला असतो तितका इथे नाही. एकच गांधील सकाळी लगदा आणि दुपारी शिकार आणू शकते. आणि वसाहत सुरू होते तेव्हा तर राणी एकटीच. घर बांधणं, अंडी घालणं, शिकार, राखण सगळं तिच्या गळ्यात. अंड्यापासून पहिली कामकरी बाहेर पडायला महिना-दीड महिना लागतो. त्या काळात राणी मेली की सगळं संपलं.

शिकार का करतात हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. गांधीलमाशीची कंबर दोऱ्याएवढी. घट्ट अन्न त्या कंबरेतून पोटात जात नाही. म्हणजे तुमची मधमाशी मारणारी गांधील ती खात नाही. मधला गोळा म्हणजे पंखांचे स्नायू, निव्वळ मांस. ती ते चघळून अळ्यांना देते. अळी बदल्यात तोंडातून एक थेंब सोडते, अमिनो आम्लांनी भरलेला, आणि मोठ्या माश्या तो पितात. घरची तान्ही पोरंच मोठ्यांची चूल. अळी उपाशी असली की जबड्याने कप्प्याची भिंत खरवडते. भरल्या पोळ्यापासून थोडं लांब शांत उभं राहिलं तर ती खरखर कानाला येते. पोळ्यात अळ्या जितक्या जास्त, तितका तुमच्या पेट्यांवर ताण. पावसाळा सरताना पोळी भरात असतात, म्हणून नवरात्र-दसऱ्याला हा त्रास.

यातूनच तुमचं कोडंही सुटतं. पेटीपुढची गांधील बाजारात आलेल्या बाईसारखी, तिचं लक्ष मालावर. घरापासून लांब आहे, वाचवायला जवळ काही नाही, ती तुम्हाला टाळते. हाताने धरली किंवा कपड्यात अडकली तरच डंख मारेल. तीच माशी घराच्या दारात असताना मागे राणी, अळ्या आणि कोष असतात. माशी तीच, ठिकाण बदललं.

बचाव पायऱ्यापायऱ्यांनी होतो, आणि त्या ओळखता आल्या तर माणूस वेळेत मागे फिरतो.

दाराशी थोड्याच माश्या बसलेल्या असतात. येणारीला मिशांनी हुंगतात. प्रत्येक वसाहतीच्या अंगावरच्या मेणाचा वास वेगळा, त्यावरून आपली-परकी ठरते. माणूस लांबून गेला तर काही होत नाही. फांदी हलली, जमीन थरथरली की आतून पाच-दहा जणी बाहेर येऊन पोळ्यावर डोकं तुमच्याकडे करून उभ्या राहतात. ही पहिली पायरी. त्यानंतर एखाद-दुसरी उडते, तुमच्या डोक्याभोवती घिरट्या घालते, तोंडावर धडकून परत जाते, डंख न मारता. इथेच हळूहळू, हात न झटकता, मागे सरकायचं. यापुढची पायरी डंखाची, आणि ती आली की गोष्ट हाताबाहेर.

कारण विषातच धोक्याची घंटा आहे. जपानच्या महाकाय गांधीलमाशीच्या विषातून माश्यांना चेतवणारी तीन बाष्पशील द्रव्यं २००३ साली वेगळी काढली गेली, त्यात २-पेंटॅनॉल मुख्य. युरोपातल्या गांधीलमाशीत द्रव्य वेगळं, काम तेच. एकीने डंख मारला किंवा तुम्ही एक चिरडली की तो वास कपड्यांवर बसतो आणि बाकीच्यांना निशाण मिळतं. म्हणून पोळ्याजवळ माशी चापटीने मारणं हा सगळ्यात महागडा मूर्खपणा. जपानी संशोधकांनी तेव्हाच आणखी एक इशारा दिला होता: असली द्रव्यं अत्तरं आणि खाद्यपदार्थांच्या सुगंधांतही असतात. बांधावर जाताना अंगावर स्प्रे मारू नये.

मधमाशीची नांगी काटेरी, ती अडकून तुटते. गांधीलीच्या नांगीचे काटे नावापुरते, त्यामुळे एकच माशी पाच-सहा वेळा टोचू शकते.

गवत कापायचं मशीन म्हणजे या सगळ्याची बेरीज: जमिनीतून थरथर, काळी हलती आकृती, आवाज, धूर. बिळातलं पोळं थेट मातीला टेकलेलं, झाडावरच्या पोळ्यापेक्षा त्याला जमिनीची थरथर लवकर कळते. म्हणून दहा फुटांवरून. त्या बिळाभोवती १५ मीटर अंतरावर सुतळी बांधून टाका आणि हंगाम संपेपर्यंत मशीन आत नेऊ नका. गवत वाढलं तर वाढू दे.

---

गावठी_इलाज

एवढं पुराण कशाला राव. बिळात अर्धा लिटर पेट्रोल, वर काडी. विषय संपला. आमच्याकडे असंच करतात.

---

रानकिडा_कऱ्हाड

@गावठी_इलाज, विषय संपत नाही, तिथूनच सुरू होतो.

बीळ सरळ खाली जात नाही. पोकळी बऱ्याचदा एका बाजूला वळलेली असते आणि पोळ्याचे मजले, म्हणजे खाली तोंड केलेल्या कप्प्यांचे थर, त्या वळणापलीकडे खांबांवर टांगलेले असतात. ओतलेलं पेट्रोल आधी माती पिते. वाफ मात्र वर येऊन गवतात पसरते, आणि काडी ओढली की पहिला भडका बिळात होत नाही, ओतणाऱ्याच्या पायाशी होतो. आश्विनात बांधावरचं गवत वाळायला लागलेलं असतं. जावळीच्या त्या बाजूला रान लागून आहे, राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. वर विहीर जवळ असेल तर पेट्रोल मातीतून कुठे जाईल ते तुम्हीच बघा.

मशालीचंही तसंच. रात्री जाळायला सांगतात त्यामागचं निम्मं तर्कशास्त्र बरोबर आहे: रात्री शिकारी घरी असतात, गारव्याने सुस्त असतात. दिवसा पोळं पाडलं तर बाहेर गेलेल्या सगळ्या संध्याकाळी परततात, जागेवर गोळा होऊन पुढचे कित्येक दिवस तिथेच घोंघावतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरतात. पण सगळ्या घरी म्हणजे राखणीलाही सगळ्या घरी. कागदी आवरण क्षणात पेटतं, आतले मजले मात्र ओलसर आणि भरलेले, ते तसे जळत नाहीत. आवरण जळालं म्हणजे आपणच दरवाजा सताड उघडला. पंख न जळालेल्या माश्या मशालीच्या उजेडाकडेच येतात, म्हणजे मशाल धरणाऱ्याकडे. २५ फुटांवर शिडीवर उभा असलेला माणूस डंखाने कमी आणि पडून जास्त जखमी होतो.

---

कोयनाकाठ

मधपाळाच्या बाजूने लिहितो, कारण पोळं काढणं हा शेवटचा उपाय. आधी पेट्या मजबूत करा.

दार. सातेरी माशी लहान, तिला ५.५ मि.मी. उंचीची फट पुरते. मोठी गांधील त्यातून आत शिरू शकत नाही. दारापुढे लाकडी पट्टी ठोकताना ५.५ मि.मी.चा ड्रिलचा बिट खाली आडवा ठेवा, त्यावर पट्टी टेकवा, खिळे मारा, बिट काढा. माप चुकत नाही. उंची जास्त ठेवून रुंदी कमी करणाऱ्यांची फसगत होते. गांधीलीला अडवते ती उंची. दर दोन-तीन दिवसांनी तारेने दारातल्या मेलेल्या माश्या ओढून काढा, नाहीतर लहान दार तुंबून आतलं तापमान चढतं. राणी अडवायची जाळी दाराला कायमची लावू नका, त्यातून नर बाहेर पडत नाहीत आणि तिथेच मरून दार बंद करतात.

मुसकं. बैलाला बांधतात तसंच. दारापुढे पाव इंची तारेच्या जाळीचा वीतभर खोल पिंजरा, तिन्ही बाजूंनी आणि वरून बंद. गांधील दाराच्या तोंडाशी येऊन घिरट्या घालते, तिला वीतभर मागे ढकललं की परतणाऱ्या माश्यांना दबकत उतरायला जागा मिळते आणि पेटीचं उडणं बंद पडत नाही. खरा तोटा मेलेल्या दहा-वीस माश्यांचा नसतोच. बाहेर गांधील आहे म्हणून हजारो माश्या आत बसून राहतात, पराग येत नाही, राणी अंडी कमी घालते, हा तोटा मोठा. आणि सातेरीचा स्वभाव माहीत आहेच, फार छळ झाला की सगळं टाकून पळून जाते. जाळीवर घासून थोडा पराग गळतो, म्हणून हंगाम सरला की मुसकं काढा.

गोळा. दारात मूठभर माश्यांचा थरथरणारा गोळा दिसला तर त्याला हात लावू नका, धूर देऊ नका. मध्ये गांधील आहे. सातेरीच्या जपानी भावंडात हे नीट मोजलं गेलंय: पाचशेच्या आसपास माश्या तिला वेढतात, पंख न हलवता पंखांचे स्नायू चालवतात, आतलं तापमान ४६ ते ४७ अंशांवर नेतात आणि आतला कार्बन डायऑक्साइडही वाढतो. गांधील त्यात मरते, मधमाशी त्याहून दोन-तीन अंश जास्त सोसते. एवढ्याशा फरकावर सगळा डाव. हे जमायला पेटीत मनुष्यबळ लागतं, म्हणजे माशीबळ. चार चौकटी भरून माश्या नसतील तर त्या पेट्या आत्ताच जोडून घ्या, दिवाळीपर्यंत थांबू नका. युरोपियन मधमाशी, म्हणजे मेलिफेरा, असा गोळा सातेरीइतका नीट करत नाही, म्हणून मेलिफेराच्या पेट्यांना दार-मुसक्याची गरज जास्त.

बॅट. डासांची नाही, बॅडमिंटनची जुनी रॅकेट. सकाळी ८ ते १० आणि दुपारी ३ नंतर. पेटीपुढे येणाऱ्या त्याच त्या पाच-सहा माश्या असतात, एकदा जागा सापडली की त्या पुन्हा पुन्हा तिथेच येतात. म्हणून चार दिवस नेटाने मारल्या की फरक दिसतो. @रानकिडा_कऱ्हाड यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही म्हणून सांगतो: पोळं यामुळे खचत नाही, नवीन शिकारी तयार होतात. पण ट्रॉपिकाची वसाहत अफिनिसएवढी दांडगी नसते, तिथे रोजच्या पाच-सहा शिकारी जाणं तिला जड जातं. अफिनिसच्या बाबतीत हेच म्हणजे समुद्रातून तांब्या काढणं.

सापळा. एक लिटरची बाटली, वरचा तिसरा भाग कापून उलटा बसवा. १०० ग्रॅम गूळ ३०० मि.लि. पाण्यात, दोन-तीन दिवस आंबू द्या, दोन चमचे व्हिनेगर, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. आंबटपणामुळे मधमाश्या फिरकत नाहीत. इथे जी चूक सगळे करतात ती म्हणजे ताज्या गुळाचं पाणी किंवा मध ठेवणं. मग आपल्याच माश्या बुडतात आणि पेट्यांमध्ये लूटमार लागते ती वेगळी. पेट्यांपासून ५ ते १० मीटर, कमरेच्या उंचीवर. बाटलीच्या बाजूला ५.५ मि.मी.ची चार-पाच भोकं पाडा म्हणजे बारीक किडे सुटून जातात. पाचव्या दिवशी पाणी बदला. पण सापळ्यावर भिस्त ठेवू नका, त्यात रस प्यायला येणाऱ्या सापडतात, मांस शोधणाऱ्या फारशा नाहीत.

---

मेढ्याचा_मधपाळ

एक पाडली. पट्टा एकच, पोटाचा दुसरा खंड. म्हणजे ट्रॉपिका. पण बांधातलं बीळ पेट्यांपासून जेमतेम ७० मीटर, आणि माश्या बहुतेक ओढ्याच्या दिशेने जाताना दिसतात, बांधाकडे नाही. अजून एखादं पोळं असेल का? यूट्यूबवर ३० गांधीलमाश्या सगळी पेटी साफ करतात असं दाखवतात, तसं आपल्याकडे होतं का?

---

रानकिडा_कऱ्हाड

व्हिडिओतली व्हेस्पा मँडरिनिया. वीस-तीस जणी मिळून काही तासांत मेलिफेराची अख्खी पेटी कापतात हे खरं आहे. पण ती आपल्या देशात हिमालयाच्या पट्ट्यातली, सह्याद्रीत नाही. तुमच्याकडची एकेकटी शिकार करते.

ओढ्याकडे जातायत तर तिसरं पोळं असू शकतं. शोधायची रीत अशी. एका झाकणाच्या बरणीत गोड पाणी, झाकणातून सुती वात बाहेर. पेट्यांपासून लांब ठेवा. गांधील वातेवर प्यायला बसली की मिनिटभर तरी तोंड उचलत नाही, तेवढ्यात पाठीवर रंगीत पेनने ठिपका. सुटली की दिशा बघा आणि घड्याळ लावा. युरोपात आशियाई गांधीलमाशीची पोळी शोधताना ढोबळ हिशेब असा धरतात की जाऊन परत यायला लागलेलं एक मिनिट म्हणजे पोळं १०० मीटरवर. पाच मिनिटांनी परतली तर अर्धा किलोमीटर. मग बरणी त्या दिशेने शे-दोनशे मीटर पुढे न्या आणि पुन्हा मोजा. दोन वेगळ्या जागांवरून दिशा घेतल्या की रेषा जिथे छेदतात तिथे शोधा. चढाच्या जमिनीत हिशेब थोडा फसतो, एकाच फेरीवर विश्वास ठेवू नका, चार-पाच फेऱ्यांतली सगळ्यात कमी वेळेची धरा.

आणखी एक. घराच्या वळचणीला किंवा पेटीच्या झाकणाखाली छत्रीसारखं उघडं, आवरण नसलेलं लहान पोळं दिसलं तर ते हिचं नाही. ती पोलिस्टिस किंवा रोपॅलिडिया. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी ज्या रोपॅलिडिया मार्जिनाटावर कित्येक वर्षं काम केलं तीच जात आपल्या भिंतींवर असते. गंमत म्हणजे व्हेस्पा ट्रॉपिका अशाच पोळ्यांवर धाड घालून अळ्या-कोष पळवते, आणि त्या बिचाऱ्या बचाव न करता उडून बाजूला बसतात. आणि मातीची मडकी करते ती कुंभारीण, एकटी राहते, तिला राखायला वसाहतच नाही, ती अंगावर येत नाही. पेट्यांजवळची ही लहान पोळी गांधील समजून उगाच पाडली जातात.

---

बेदाणा_तासगाव

आमच्याकडचा त्रास वेगळा म्हणून लिहितोय. द्राक्ष काढणी जानेवारी ते मार्च-एप्रिल, त्यात शेडवर बेदाणा टाकला की गांधील येतातच. इथे त्या मांसाला नाही, साखरेला येतात, म्हणजे अळ्यांसाठी नाही, स्वतःच्या पेट्रोलसाठी. कोरड्या भागात दिसणारी तपकिरी, तोंड पिवळं, पोटाच्या मागच्या भागावर पिवळे पट्टे असलेली ती व्हेस्पा ओरिएंटॅलिस. द्राक्षाची साल ती स्वतः फोडते. ज्या मण्याला तिने भोक पाडलं त्यावर मग मधमाश्या, माश्या, मुंगळे सगळे येतात आणि घड आंबतो.

लक्षात ठेवायच्या दोन गोष्टी. २०१२ साली इटलीत दिसलं की गांधीलमाश्यांच्या आतड्यात किण्व जिवंत राहतं आणि राणीकडून पुढच्या पिढीच्या अळ्यांपर्यंतही जातं. म्हणजे घड आंबण्याचं विरजण ती बरोबर घेऊनच येते. दुसरं, २०२४ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांनी ओरिएंटॅलिसला ८० टक्के अल्कोहोलचं गोड पाणी पाजलं, तिला काहीही झालं नाही. त्यामुळे आंबवलेल्या सापळ्यात ती झिंगून पडेल ही आशा सोडा. साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते, एवढंच. साबण विसरलात तर पिऊन उडून जाते.

शेडला चारही बाजूंनी जाळी, खालची कडा जमिनीला वाळूच्या पोत्यांनी दाबलेली. वर कितीही चांगली जाळी लावा, खालून चार बोटं उघडी राहिली तर सगळ्या तिथूनच आत. गळलेले, फुटलेले मणी रोज संध्याकाळी उचलून लांब पुरायचे. काढणीला आलेल्या बागेत गांधीलीसाठी कीटकनाशक मारायचा मोह नको, अवशेष निघाला की निर्यातीचा कंटेनर तिथेच थांबतो.

ओरिएंटॅलिसचं बीळ शोधायचं तर भर दुपारी १२ च्या आसपास बांधावर बघत उभं राहा. इतर किडे सावलीला बसतात तेव्हा ही कामाला असते. कामकरी तोंडात मातीचा खडा धरून बाहेर येते, थोडं उडून टाकते, लगेच परत आत. ये-जा त्या वेळी सगळ्यात जास्त, म्हणून बीळ चटकन कळतं.

---

नाईट_ड्युटी_वाळवा

डंखाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून तेवढंच.

आत काटा राहिलेला नसतो, खरवडत बसू नका. साबणाने धुवा, बर्फ लावा, अंगठी-कडं लगेच काढा. चुना, हळद, रॉकेल यांनी काही होत नाही.

दोन धोके वेगवेगळे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक ॲलर्जीचा, त्याला एक डंखही पुरतो आणि तो मिनिटांत दिसतो: अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, घसा आवळणं, घरघर, चक्कर, उलटी. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन मांडीच्या स्नायूत, ॲव्हिलवर वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन, माणसाला आडवं ठेवा, पाय थोडे वर, उठवून चालवू नका. श्वास लागत असेल तर बसू द्या.

दुसरा विषाच्या मात्रेचा. बरेच डंख असतील तर माणूस सुरुवातीला बरा वाटतो. स्नायू विरघळू लागतात, रक्तपेशी फुटतात आणि मूत्रपिंडावर भार येतो, तो एक-दोन दिवसांनी कळतो. लघवी चहासारखी किंवा कोकमासारखी झाली, कमी झाली की तो इशारा. चीनच्या शान्शी प्रांतात २०१३ साली गांधीलमाश्यांनी ४० हून जास्त माणसं दगावली, १,६०० हून जास्त जखमी झाली, त्यातल्या अनेकांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दहापेक्षा जास्त डंख, किंवा मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई असेल तर त्रास नसला तरी दवाखान्यात न्या आणि क्रिएटिनिन, लघवी तपासा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. पहिल्या दिवशीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी बसणं हीच नेहमीची चूक.

---

मेढ्याचा_मधपाळ

ओढ्याकडे बरणी लावली. परत यायला साडेतीन-चार मिनिटं. शोध चालू आहे. जांभळीचं राहू देतो, रस्ता तिथून लांब आहे. बांधातलं मात्र काढावंच लागेल, पोरं तिथून शाळेला जातात. कसं काढून घ्यावं?

---

कोयनाकाठ

शाळेच्या वाटेवर असेल तर काढाच, पण स्वतः नको. आपला मधपाळाचा बुरखा याला पुरत नाही, जाळी नाकाला टेकते आणि तिथेच डंख बसतो, कापड पातळ. जाड दुपदरी पोशाख असलेला, हे काम रोज करणारा माणूस बोलवा. त्याने काय करायला हवं ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

वेळ: पूर्ण अंधार पडल्यावर तासाभराने, गार रात्र असेल तर उत्तम, पावसाची भुरभुर नको. त्याआधी एक दिवस दुपारी लांबून दुर्बिणीने किंवा मोबाइल झूम करून बिळाची सगळी तोंडं मोजून घ्या. दुसरं तोंड सुटलं तर सगळं काम फुकट आणि माणूस धोक्यात. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद लावा, त्यांना लाल रंग जवळपास दिसत नाही. बॅटरी हातात धरू नका, बाजूला दगडावर ठेवा. एखादी उजेडावर आलीच तर बॅटरीवर जाईल. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची कोरडी भुकटी लांब नळीच्या पंपाने बिळाच्या तोंडात, द्रव फवारणी नको. भुकटी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायाला लागून आतल्या मजल्यांपर्यंत जाते, द्रव तोंडाशीच संपतो. तोंड लगेच मातीने बुजवू नका. कोंडल्या तर दुसरीकडून उकरून निघतात. पेट्या ७० मीटरवर आहेत, वारा त्यांच्याकडे असेल त्या रात्री काम थांबवा, आणि भुकटी उघड्यावर सांडलेली सकाळी मातीखाली गाडा.

तिसऱ्या दिवशी पहाटे बिळाच्या तोंडावर चुलीतली राख चाळून पसरा. दुपारी १२ ते २ लांबून बघा. राखेवर पाऊल नाही, ये-जा नाही, तरच पोळं खणून काढा. सगळे मजले बाहेर आले का ते मोजा, कोषांच्या पांढऱ्या टोप्या असलेले कप्पे जाळून टाका, कारण त्यातून पुढच्या आठवड्यात माश्या निघू शकतात. ये-जा दिसली तर राणी वाचली असावी, त्याच माणसाला पुन्हा बोलवा.